बिगारीचे तुळशीराम मास्तर

तुळशीराम मास्तरांना लहान मुलं फारशी आवडत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयी आजवर जे जे बोलणं माझ्या कानावर आलं, त्यात ‘मास्तरांना लेकरांचा भारी लळा’ हे वाक्य ठरलेलं असतं. तसला लळा मला तरी कधी दिसला नाही. त्यांना चौथीला भूगोल शिकवायचा होता. नद्या, डोंगर, वारे, समुद्र याबद्दल बोलायला लागले की त्यांच्या वाळक्या चेहऱ्यावर तजेला यायचा. पण उभी नोकरी त्यांनी बिगारीत काढली. बिगारी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. पाच-सहा वर्षांची, नाक वाहणारी, चड्डी ओली करणारी, आईच्या नावानं टाहो फोडणारी पोरं. ते स्वतःच एकदा मला, त्याच शाळेतल्या दुसऱ्या मास्तराला, म्हणाले होते, “वेठीच्या कामाले बी बिगारीच म्हनते मास्तर. नाव देनाऱ्यानं बराबर देल्लं.”

आमची शाळा बोर्डाची. गाव रिसोडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, पैनगंगेच्या अंगाला. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची ती वर्षं. शाळेला सगळं मिळून पाच खोल्या, त्यातली शेवटची मोडक्या बाकांची कोठी. तिला लागून बिगारी. एक दार, तेही बुटकं, आणि छताजवळ एक झरोका. उन्हाळ्यात तिथं ओल्या पाटीचा, मुताचा आणि पोरांनी कमरेला बांधून आणलेल्या शिळ्या भाकरीचा असा काही वास कोंडायचा की हेडमास्तर दारातूनच हजेरी विचारायचे. तुळशीराम मास्तर उंच. आत शिरताना कमरेतून वाकायचे आणि मग दिवसभर वाकलेलेच असायचे. खुर्ची होती, पण तिच्यावर पोरांच्या टोप्या असत. मास्तर जमिनीवर. बसले की गुडघे कानाशी यायचे. जातीचे माळी. सकाळी भावाच्या मळ्यात मेथी-वांग्यांना पाणी देऊन यायचे, त्यामुळं नखांच्या कडांना माती आणि कोटाला मेथीचा वास.

मी तिसरीवर रुजू झालो त्या सकाळी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बिगारीच्या उंबऱ्यात एक पोरगं गळा काढून रडत होतं आणि त्याच्या शेजारी, त्याच्यासारखेच पाय बाहेर सोडून, हे बसले होते. दोघांचीही तोंडं रस्त्याकडे. मास्तर पोराकडे बघतसुद्धा नव्हते. मला वाटलं, कानानं अधू असतील.

“काय झालं याला?” मी विचारलं.

“माय गेली त्याची.”

मी चरकलो. मास्तर म्हणाले, “वावरात गेली. निंदाले.”

“मग तुम्ही काय करताय?”

“वाट पाहून राह्यलो. तो मायची पाहून राह्यला, मी त्याची.”

मी हेडमास्तरांकडे जाऊन सह्या करून परत आलो तरी दोघं तसेच. रडणं मात्र हुंदक्यांवर आलं होतं. पोरानं नाक पुसलं आणि या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“तुमची माय बी निंदाले गेली काय?”

“नाई बा. माही माय म्हातारी झाली. घरीच रायते.”

“मंग तुमी काहून बसले हितं?”

मास्तरांनी जरा विचार केला. “थेच तर मले समजून नाई राह्यलं,” ते म्हणाले.

पोराला ते उत्तर पटलं असावं. ते उठलं, आपण होऊन आत गेलं. मी हसलो होतो. पुढं कळलं की मास्तर काही विनोद करत नव्हते.

त्यांची पद्धत म्हणावी तर अशीच. रडणाऱ्याला गप्प करायचं नाही. “रडनं आदी, ग म भ न मंग” हे त्यांचं ब्रीद. त्या काळी बाकीच्या शाळांत पहिल्या आठवड्यात पोरांना दार लावून कोंडत. खिडकीबाहेर आया रडत, आत पोरं. तुळशीराम मास्तरांच्या वर्गाचं दार उघडं. ज्याला आत बसवत नाही त्यानं उंबऱ्यावर बसावं, उंबऱ्यावरही बसवत नाही त्यानं अंगणातल्या निंबाखाली. एकदा एक पोरगं पळून थेट वेशीपर्यंत गेलं, तर हे त्याच्यामागून पळाले नाहीत, चालत गेले. वेशीवर पोरगं दमून थांबलं तेव्हा म्हणाले, “चाल, आता वापस जाऊ. मले बी इतकंच येता येते. याच्याम्होरं मी बी जात नाई.”

प्रत्येक नव्या पोराच्या आईकडून ते लुगड्याची चिंधी मागून घेत. आया बिचकत. एक जण म्हणाली, “नवं लुगडं हाय मास्तर, फाडू कसं?”

“नवं फाडू नको बाई. जुन्याची दे. वास जुन्यालेच असते.”

मग वर्षाच्या सुरुवातीला वर्गात जिकडे तिकडे लाल, हिरव्या, विटक्या चिंध्या. कोणाच्या मुठीत, कोणाच्या कानाशी, कोणाच्या तोंडात. हेडमास्तर म्हणायचे, “हा वर्ग आहे की जुन्या कपड्यांचा बाजार?” मास्तर मान हलवायचे, चिंधी काढून घ्यायचे नाहीत. दिवाळीपर्यंत चिंध्या आपोआप गळून जात. एखादी कोपऱ्यात धूळ खात पडलेली दिसली की मास्तर ती उचलून पोराला विचारायचे, “हे तुह्यं काय रे?” पोरगं तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाही. मास्तर म्हणायचे, “झालं. हा सुटला.”

दुसरी पद्धत बादलीची. शाळेमागं त्यांनी दोन वाफे केले होते, एकात मेथी, एकात वांगी. रस्त्याकडच्या अंगाला पाण्याचं टाकं. दोन पोरं भांडली, कोणी कोणाला चावलं, ओरबाडलं, तर मास्तर छडी उगारत नसत. बादलीच्या कडीतून काठी घालून एक टोक याच्या हाती, दुसरं त्याच्या, आणि टाक्यापासून वाफ्यापर्यंत पाणी न्यायला लावत. एक जण पुढं धावला की पाणी दुसऱ्याच्या पायावर. पोरं पहिल्यांदा एकमेकांना शिव्या घालत, मग ‘हळू’, मग ‘थांब’, मग ‘चाल आता’. वाफ्यापाशी पोचेपर्यंत भांडण कुठंतरी सांडून गेलेलं असे.

“माफी का मागायला लावत नाही?” मी एकदा विचारलं.

“माफी माग म्हटलं का पोट्टं आदी खोटं बोलाले शिकते. बोलता येईन तवा बोलन. आदी संगं चालता आलं पायजे.”

हे सगळं ऐकून वाटेल की माणूस मोठा शांत. तर एकदा त्यांच्या घरी भाकरी खायला गेलो होतो. त्यांच्या धाकट्याच्या हातून तांब्या निसटला, पाणी सांडलं, आणि मास्तर असे कडाडले की पोरगं भिंतीला चिकटलं. त्यांच्या पत्नीनं, गयाबाईंनी, फडक्यानं पाणी टिपत मला सांगितलं, “पाहा भाऊ. सारा धीर शायेत सांडून येते हे मानूस. घरी रिकामा घडा.” जेवण झाल्यावर मास्तर मला पोचवायला निघाले आणि रस्त्यात म्हणाले, “खरं बोलली थे. दिवसभर लोकाईच्या लेकराईचा राग पोटात घेतो मी. कुठंतरी निंगनच ना तो.” थोडं चालून पुन्हा म्हणाले, “मले त्या खोलीतून भाईर पडाचं हाय मास्तर. नाई तं माह्ये सोताचे लेकरं मले भेऊन भेऊन मोठे होतीन.”

बाहेर पडायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. दरवर्षी डिपुटी साहेब तपासणीला यायचे. मी रुजू झालो त्या वर्षी मास्तरांनी आठवडाभर आधी एक वाक्य पाठ केलं होतं. छापील, शुद्ध. ‘साहेब, मी नॉर्मल उत्तीर्ण असून भूगोल हा माझा विशेष आवडीचा विषय आहे, तरी मला चौथीचा वर्ग मिळावा.’ नॉर्मल म्हणजे तेव्हाची मास्तरकीची परीक्षा. ‘मिळावा’वर त्यांची जीभ अडखळायची म्हणून मी त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं.

साहेब आले. सगळे वर्ग पाहून बिगारीत शिरले, तेही वाकून. पोरं निंबोळ्या मांडून मोजत बसली होती. एक जण रडत होता आणि दुसरा, त्याच्याहून लहान, त्याच्या शेजारी बसून आपली चिंधी त्याच्यापुढं धरत होता. मास्तरांनी सांगितलं नव्हतं, पोरानं आपण होऊन केलं होतं. साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, “जिल्ह्यातल्या इतक्या शाळांची बिगारी पाहिली, असं कुठं दिसलं नाही. या माणसाला इथून हलवू नका.” आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचं काही म्हणणं आहे?”

मास्तरांच्या ओठांवर ते वाक्य आलेलं मला दिसलं. हेडमास्तर आनंदानं त्यांच्याकडे बघत होते. “नाई साहेब,” मास्तर म्हणाले.

संध्याकाळी वाफ्याच्या कडेला बसून ते मला म्हणाले, “शाबासकी भेटली अन् भाईरून कडी लागली.”

दोनेक वर्षांनी मात्र कडी सैल झाली. चौथीचे मास्तर बदलून गेले, डिपुटीही नवे आले, आणि हेडमास्तरांनी स्वतःहून तुळशीराम मास्तरांचं नाव सुचवलं. शाळा कमिटीत गावचे पाटील होते, तेही हो म्हणाले. दिवाळीच्या सुटीनंतर चौथी त्यांना मिळणार हे ठरलं. त्या पावसाळ्यात मास्तर निराळेच झाले. मळ्यातला एक गोल भोपळा वाळवून त्यांनी त्याची पृथ्वी केली. निळीचा समुद्र, गेरूची जमीन, चुन्याचे ध्रुव. रंग सुकायला ती पृथ्वी बिगारीच्या ओसरीवर ठेवलेली असे. जाता-येता ते ती बोटानं जराशी फिरवायचे.

ओसरीवर आणखी एक जण असे. किसन. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला सहा वर्षांचा मुलगा. त्या वस्तीतल्या मुलांनी वर्गाबाहेर बसायचं, असा गावाचा रिवाज. मास्तरांनी तो मोडला नव्हता. दार उघडं ठेवलं होतं, आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून बसत, म्हणजे आवाज दोन्हीकडे जाई. एवढंच त्यांना जमलं होतं, आणि ते त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. किसन कधी रडला नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही. आई त्याला ओसरीवर बसवून गेली तेव्हा तो तिच्याकडे न पाहता पाटी मांडीवर घेऊन बसला. इतर कोणी अशा पोराचं कौतुक केलं असतं. मास्तर म्हणायचे, “रडते त्याची चिंता नाई मले. हे पोरगं रडत नाई. इतक्यात शिकून आलं थे, का रडून फायदा नाई.”

भाद्रपदातली गोष्ट. मधली सुटी झाली होती. किसन त्या भोपळ्यावर बोट टेकवून, जसे मास्तर फिरवायचे तसा, तो फिरवत होता. पाटलांचा नातू बाजीराव त्याच वर्गात. हट्टी, दातांचा धारदार, शाळेत आल्यापासून निम्म्या वर्गाला चावून झालेला. त्यानं भोपळा मागितला. किसननं दिला नाही, किंवा द्यायला उशीर केला. बाजीरावानं त्याचा दंड धरून कडकडून चावा घेतला.

मी माझ्या वर्गाच्या दारात होतो. किसनच्या दंडातून रक्त येत होतं आणि तो गप्प होता. भोवती पोरांचं कडं झालं होतं. कोणीतरी म्हणालं, “बाज्या बाटला.” मास्तर आतून वाकून बाहेर आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं. मग हेडमास्तरांच्या खोलीकडे पाहिलं. मग भोपळ्याकडे. सगळी पोरं त्यांच्या हातांकडे बघत होती, कारण पुढं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. भांडण झालं की बादली. आजवर कोणाला सूट मिळाली नव्हती.

मास्तर किती तरी वेळ तसेच उभे राहिले. पाणी पिण्याचं नव्हतं, वाफ्याचं होतं. काठीही साधी तुरीची होती. पण त्या काठीचं एक टोक किसनच्या हाती दिल्यावर काय होईल ते गावात कुणालाही कळत होतं. मला वाटलं, आज ते दोघांना नुसतंच समजावतील. त्यांनी किसनचा दंड धुतला, स्वतःच्या उपरण्यानं बांधला. मग बादली आणली.

“चाला,” ते म्हणाले.

पहिल्यांदा बाजीराव काठी धरेना. मास्तर बादलीपाशी उन्हात उभे राहिले. शेवटी त्यानं धरली. दोघं निघाले. पाणी उडालं, बाजीरावाचे पाय भिजले. “हयू चाल ना बे,” तो ओरडला. किसन हळू चालला. दुसऱ्या खेपेला किसनचा आवाज आला, “थांब. माहा हात दुखून राह्यला.” शाळेत त्याचा आवाज असा मोठ्यानं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बाजीराव थांबला. त्यानं बादली स्वतःच्या बाजूला सरकवून घेतली, भार आपल्याकडे घेतला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बादली वाफ्यात रिकामी झाली, काठी खाली ठेवली, आणि किसन रडायला लागला. साधं रडणं नव्हतं ते. कित्येक महिन्यांचं साठलेलं. बाजीराव भांबावून बघत राहिला. मास्तर किसनशेजारी मातीत बसले, आणि तो थांबेपर्यंत बसून राहिले. रस्त्यावरून जाणारी दोन-चार माणसं तोवर कुंपणाशी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः शाळेत आले. आवाज चढवला नाही. हेडमास्तरांच्या खोलीत बसले, चहा घेतला, आणि तुळशीराम मास्तरांना बोलावून म्हणाले, “मास्तर, तुमी मानूस चांगले. लहानाईत तुमाले कोनाची सर नाई. तुमी लहानाईतच बरे. मोठ्या पोट्ट्याईले असं काई शिकवसान तं गावात खून पडतीन.” चौथीची गोष्ट तिथं संपली. हेडमास्तर खाली मान घालून बसले होते. ते वाईट नव्हते. त्यांनाही त्याच गावात शाळा चालवायची होती.

बाजीरावाला घरी न्हाऊ घातलं, गोमूत्र शिंपडलं, आणि दोन दिवसांनी तो परत वर्गात आला. किसन आला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची आई आली. अंगणाच्या कडेला, निंबापलीकडे उभी राहिली. मास्तर तिच्याजवळ गेले तशी ती दोन पावलं मागं सरकली.

“त्याले धाडत नाई आता मी,” ती म्हणाली. “मामाकडे देला धाडून, इंझोरीले.”

“हात बरा हाय काय त्याचा?”

“हाताचं काय, थो बरा होईन.” तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “त्याच्या बापाले पाटलाच्या वावरात येऊ नको म्हनलं. तुमचं मन चांगलं हाय मास्तर. पन तुमी आपल्या मनासाठी केलं. आमाले तं हितंच राहाचं हाय.”

मास्तरांनी हात जोडले. ती गेल्यावरही ते तसेच उभे होते. आत बिगारीत गलका वाढला, तरी ते आत जाईनात. शेवटी एक पोरगं बाहेर आलं आणि त्यांच्या धोतराचा सोगा धरून ओढायला लागलं.

पुढं किसनचं काय झालं ते मला नक्की सांगता येत नाही. मास्तर पुढच्या उन्हाळ्यात इंझोरीला जाऊन आले. पोरगं तिथल्या शाळेत घातलंय, एवढंच बोलले. “मले ओयखलं काय, तं हो म्हने. जवळ नाई आला.” भोपळ्याची पृथ्वी त्यांनी बिगारीतल्या पोरांना खेळायला देऊन टाकली. पंधरवड्यात कोणीतरी आफ्रिकेवर बसलं.

त्यानंतर ते चौथीविषयी बोलेनासे झाले. काम तसंच चालू होतं, दार उघडं, चिंध्या, बादली. पण बोलताना मध्येच थांबायचे. एखादं पोरगं फार बिलगलं की त्याचे हात आपल्या गळ्यातून सोडवताना त्यांच्या चेहऱ्यावर त्रास दिसायचा. गयाबाई म्हणायच्या, झोपेतसुद्धा पोरांची नावं घेतात, आणि ती आमच्या पोरांची नसतात.

आणि मग, लढाईच्या वर्षांत, जेव्हा कोणी काही मागितलं नव्हतं तेव्हा, चौथी त्यांच्याकडे आली. मास्तर मिळेनात. चौथीला शिकवू शकेल असा नॉर्मल झालेला माणूस तेवढा एकच उरला होता. पाटील थकले होते, त्यांनी हरकत घेतली नाही. बिगारीवर एक नवा पोरगेला मास्तर आला, हातात छडी घेऊन.

पहिल्या दिवशी तुळशीराम मास्तर धुतलेला कोट घालून आले. चौथीचं दार उंच होतं, पण सवयीनं ते वाकूनच आत गेले आणि पोरं हसली. ही सगळी पोरं त्यांच्याच हाताखालून गेलेली. बाजीरावही त्यांत होता, नापास होऊन मागं राहिलेला, मिसरूड फुटायच्या बेतात. आता त्यांना मास्तरांची लाज वाटायची. ज्यानं आपल्याला चड्डी ओली करून रडताना पाहिलंय, तो माणूस फळ्यापाशी उभा असलेला कोणाला आवडतो? मास्तर एखाद्या मुलाशी बोलायला त्याच्या बाकाशेजारी उकिडवे बसले की वर्गात खसखस पिके. तरी त्यांनी शिकवलं. पैनगंगा कुठून निघते, कुठं जाते, तिच्यातलं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं, हे त्यांनी फळ्यावर असं काढलं की मी माझा वर्ग सोडून दारात उभा राहिलो. बाजीरावसुद्धा गप्प होऊन ऐकत होता.

भिंतीपलीकडे बिगारी. नव्या मास्तरानं दार लावून घेतलं होतं. आतून रडणं यायचं, मग छडीचा आवाज, मग काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ ऐकलं की तुळशीराम मास्तरांचा खडू थांबायचा. पोरं वाट पाहायची. मास्तर पुन्हा नदी काढायला लागायचे, पुन्हा आवाज, पुन्हा खडू थांबायचा. काही दिवसांनी नकाशे अर्धेच राहायला लागले. एकदा नदी समुद्राच्या अलीकडेच संपली, आणि बाजीराव म्हणाला, “मास्तर, म्होरं?”

मास्तरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, “म्होरं समुद्र हाय. तुमाले दिसन. मले काई ऐकू नाई येऊन राह्यलं तुमचं.”

महिना भरायच्या आत ते हेडमास्तरांपुढं जाऊन उभे राहिले. मी तिथंच होतो. हेडमास्तरांना वाटलं, काही तक्रार असेल. मास्तर म्हणाले, “मले माही बिगारी वापस द्या.”

“अहो, इतकी वर्षं तुम्ही...” हेडमास्तर बोलता बोलता थांबले. त्यांना बरंच वाटलं होतं, ते लपवणं त्यांना जमलं नाही. बिगारीतली पोरं शाळा चुकवायला लागली होती.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. “मास्तर, सुटला होतात तुम्ही.”

“सुटलो होतो ना,” ते म्हणाले. “पन कान तितंच राह्यले. मंग आंग घेऊन काय करू?” हे सांगताना ते हसत नव्हते. धन्यता वगैरेही तोंडावर नव्हती. थकलेला माणूस घरची वाट चालायला लागतो तसे ते चालत गेले, आणि बुटक्या दारातून वाकून आत. नव्या मास्तरानं लावलेलं दार त्यांनी उघडलं आणि त्यामागं दगड ठेवला.

लढाई संपता संपता माझी वाशीमला बदली झाली. आदल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, “वेशीपर्यंत येतो मी तुमाले पोचवाले.” गाडी भरून निघायला उन्हं वर आली. शाळेवरून जाताना मी गाडीवानाला थांबायला सांगितलं. मास्तर निंबाखाली बसले होते. एक नवं पोरगं रडून रडून त्यांच्या मांडीवर झोपी गेलं होतं, एक हात त्यांच्या कोटाच्या बटनात गुंतवून. आणखी दोघं पाठीला टेकलेली.

मला पाहून ते उठायला गेले. पोरानं झोपेतच बटन आणखी घट्ट धरलं. मास्तर पुन्हा खाली बसले. ओरडून काही बोलावं तर ते जागं होणार. त्यांनी हनुवटीनं त्या पोराकडे खूण केली आणि मोकळा हात वर केला. मीही केला. जवळ जावं असं मनात आलं, पण गाडीवानानं बैलांना हाक दिली होती. वळणावर मी मागं पाहिलं तेव्हा त्यांचा हात खाली आला होता, आणि ते त्या पोराच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होते.